महाराष्ट्रात जिल्हे किती?

दुबईच्या करामा भागात एखाद्या मराठी माणसाशी नव्याने ओळख झाली की तो इथं कधी आला हे थेट विचारू नये. "झाली की बरीच वर्षं," असं म्हणून तो चहाच्या कपात बघायला लागतो. त्या एका प्रश्नामागे गावचं घर बांधून झालं का, मुलं शिकायला कुठं ठेवलीत, कायमचे परत कधी जाणार, असे बाकीचे सगळे प्रश्न रांग लावून उभे असतात आणि हे त्यालाही ठाऊक असतं. त्यापेक्षा बोलता बोलता विचारावं, "काय हो, महाराष्ट्रात जिल्हे किती?"

"तीस," असं उत्तर आलं की समजावं, गडी १९८२ नंतर आणि १९९० च्या आत विमानात बसला. लातूर आणि गडचिरोली झालेले त्याने पाहिले, मुंबई उपनगर वेगळं झालेलं त्याच्या कानावर आलं नाही. "एकतीस" म्हणणारा १९९८ पूर्वीचा. वाशीम आणि नंदुरबार त्याच्या हिशेबात नाहीत. "पस्तीस" म्हणणाऱ्यांची करामात मोठी वस्ती आहे. हिंगोली-गोंदिया १९९९ चे आणि पालघर २०१४ चा, मधली पंधरा वर्षं हीच मंडळी बायोडेटा घेऊन येत राहिली. "छत्तीस" म्हणणारा एक तर ताजा, नाही तर त्याच्या घरी कुणीतरी एमपीएससीचा अभ्यास करतंय. आणि "सव्वीस" म्हणणारे आमच्यात एकच, दापोलीकडचे चाचा. ते 'द्वारका' बोटीने आले. मुंबईहून कराची, मस्कत करत आखातात येणारी ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट १९८२ मध्ये बंद झाली, पण चाचा त्याआधीचे. "यशवंतरावांनी सव्वीस जिल्हे दिले ते मी मोजून घेऊन आलो," ते म्हणतात, "मागाहून तुम्ही त्यांचे तुकडे केलेत त्याला माझा इलाज नाय."

माणूस गाव सोडतो त्या वर्षी त्याचं सामान्य ज्ञान तिथंच थांबतं, हा सिद्धांत मांडायला मला कुठल्या विद्यापीठात जावं लागलं नाही. आमच्या क्विझमध्ये बसलं तरी पुरतं.

क्विझचं मूळ अर्थातच विलायती. दुबईत दारू मिळते ती मुख्यतः परवाना असलेल्या हॉटेलांत, त्यामुळे इथला पब म्हणजे हॉटेलच्या तळमजल्यावरची एक अंधारी खोली. आठवड्यातल्या एखाद्या मंद रात्री तिथं एक गोरा माणूस माइक घेऊन उभा राहतो आणि टेबलाटेबलावर कागद-पेन्सिली वाटतो. इंग्लंडमध्ये हा प्रकार फोफावला १९७६ पासून, शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर यांनी पबांच्या लीग लावून दिल्या तेव्हापासून. ज्या रात्री गिऱ्हाईक फिरकत नाही त्या रात्री माणसं आणायची, एवढा साधा व्यापारी हेतू. लोक येतात, उत्तर आठवत नाही म्हणून आणखी एक ग्लास मागवतात, आणि तो प्यायल्यावर तर मुळीच आठवत नाही. धंदा म्हणून याला तोड नाही.

आम्ही काही जण ऑफिसातल्या साहेबांच्या आग्रहाने अशा क्विझला जात असू. पहिली फेरी इंग्लिश फुटबॉलची. दुसरी सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश मालिकांची. तिसऱ्या फेरीत राणीच्या कुत्र्यांची जात विचारली तेव्हा सांगलीचे आमचे हिशेबनीस सोड्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "यापेक्षा आपल्याकडची जनावरांच्या बाजारातली चर्चा जास्त उपयोगी." कोरोनेशन स्ट्रीट नावाची मालिका कोणत्या साली सुरू झाली याचं उत्तर १९६० आहे हे मला तिथंच कळलं. म्हणजे ती मालिका आणि महाराष्ट्र राज्य एकाच वर्षी सुरू झाले. दोन्ही अजून चालू आहेत, दोन्हींतली पात्रं सारखी बदलतात आणि कथानक कुठं चाललंय हे मधूनच बघायला बसणाऱ्याला समजत नाही.

मग ठरलं, आपलंच काढू. पब नको, कारण निम्म्यांना पथ्य आणि उरलेल्यांना वहिनी. उन्हाळ्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये आणि थंडी पडली की जवळच्या झबील पार्कात, हिरवळीवर सतरंजी टाकून. बिअरऐवजी कॅफेटेरियातला कडक चहा, कागदी कपातला, साखर आधीच जास्त असलेला. टेबलं कोकण, घाट, विदर्भ अशी पडली. मुंबईकरांनी स्वतंत्र टेबल मागितलं, पण त्यांचे सगळ्यांचे मूळ तालुके विचारल्यावर तेही आपोआप वाटले गेले. मोबाइल जमा करायला अमरावतीच्या एका वहिनींनी पोळ्यांचा स्टीलचा डबा दिला. फोन त्यात घालून झाकण लावायचं आणि डबा त्यांनी मांडीवर घ्यायचा. अख्ख्या क्विझमध्ये इतकी कडक शिस्त दुसरी कुठली नाही.

पहिल्याच बैठकीत जिल्ह्यांवरून वाद पेटला. पुण्याचे दादा तेव्हा प्रश्न विचारत होते. ते पुण्यात असताना अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर भरणाऱ्या क्विझला जात, त्यामुळे आमच्यात ते या शास्त्राचे जाणते. त्यांनी छत्तीस हेच बरोबर असं जाहीर करताच चाचा उठले. माझं उत्तर चूक कसं, ते म्हणाले, ते बरोबर होतं तेव्हा मी बोटीत बसलो. दादांनी बराच विचार केला आणि एक नियम काढला, जो जगातल्या दुसऱ्या कुठल्याही क्विझमध्ये नसावा. एके काळी बरोबर असलेल्या उत्तराला अर्धा गुण. मात्र ते कोणत्या सालापर्यंत बरोबर होतं हे सांगता आलं पाहिजे.

या अर्ध्या गुणाने आमचं क्विझ तगलं. ग्रह नऊ म्हणणाऱ्याला अर्धा, २००६ पर्यंत. राज्यं पंचवीस म्हणणाऱ्याला अर्धा, २००० पर्यंत. एकोणतीस म्हणणाऱ्याला अर्धा, २०१९ पर्यंत. कुलाबा जिल्हा म्हणणाऱ्यालाही अर्धा, पण त्याने रायगड नाव १९८१ साली झालं हे सांगितलं तर. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर यांनी तर अलीकडच्या बैठकांत इतके अर्धे गुण वाटलेत की गुणफलकावर पूर्णांक दिसेनासा झालाय.

हे झालं गावाकडचं. ज्या शहरात आपण राहतो त्याचं काय? तर दुबईचं सामान्य ज्ञान दुधाच्या पिशवीसारखं आहे, तारीख बघून घ्यावं लागतं. करामाचं मेट्रो स्टेशन उघडलं तेव्हा करामाच होतं. नंतर त्याला एका बँकेचं नाव लागलं. शेजारचं खालिद बिन अल वलीद स्टेशन आता बुर्जुमान मॉलच्या नावाने चालतं, जाफिलियाचं स्टेशन कपड्यांच्या दुकानाचं झालं. ज्याला आम्ही ट्रेड सेंटर रोड म्हणतो त्याच्या पाटीवर शेख खलिफांचं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला पाटीवरचं नाव सांगितलं तर तो आरशातून आपल्याकडे बघतो. सुट्टीचा वारसुद्धा स्थिर नाही. जुने लोक गुरुवार-शुक्रवार सांगतात, मधले शुक्रवार-शनिवार, आणि १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार आला. शारजात तर सरकारी कचेऱ्या शुक्रवारपासून सलग तीन दिवस बंद, हे ऐकल्यावर क्विझ सोडून लोक घरभाड्याची चौकशी करू लागले.

विक्रमांचंही तेच. जगातलं सर्वांत उंच हॉटेल कोणतं या प्रश्नाचं उत्तर दुबईच असतं, हॉटेल मात्र बदलत राहतं. २०१८ मध्ये जेव्होरा नावाच्या हॉटेलने आधीच्या विक्रमवीराला सुमारे एका मीटरने मागं टाकलं, आणि तो आधीचा विक्रमवीरही दुबईतलाच होता. आता मरीनाकडे त्याहून उंच एक उभं आहे. बुर्ज खलिफाचे ८२८ मीटर तेवढे २०१० पासून टिकून आहेत, म्हणून प्रश्न काढणाऱ्यांचा तो लाडका. जेद्दाला एक किलोमीटरहून उंच इमारतीचं काम चालू आहे, ती पुरी झाली की आमच्या वह्यांत मोठी खाडाखोड होणार.

विक्रमांचं ते प्रसिद्ध पुस्तक मुळात पबातल्या भांडणासाठीच निघालं, हे फार लोकांना माहीत नसतं. गिनीज ही आयर्लंडची बिअर. त्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर १९५१ मध्ये वेक्सफर्डला शिकारीला गेले, गोल्डन प्लोव्हर पक्ष्यावरचा नेम चुकला, आणि युरोपातला सर्वांत वेगवान शिकारीचा पक्षी कोणता यावरून संध्याकाळी वाद झाला. घरातल्या कुठल्याही पुस्तकात उत्तर मिळेना. साहेबांना वाटलं, असे वाद रोज रात्री पबापबांत होत असणार. ते मिटवणारं एखादं पुस्तक का असू नये? १९५५ मध्ये ते निघालं. नेम लागला असता तर दुबईला निम्म्या इमारती बांधायला कारण उरलं नसतं, असं आमच्या विदर्भ टेबलाचं मत आहे.

करामावरचा माझा आवडता प्रश्न मात्र इमारतींचा नाही. संयुक्त अरब अमिरातीची राजधानी अबू धाबी, हे शाळेतली पोरंही सांगतात. पण १९७१ च्या हंगामी राज्यघटनेत अबू धाबी तात्पुरती राजधानी होती. कायमची राजधानी अबू धाबी आणि दुबईच्या सीमेवर नवी वसवायची, असं त्या घटनेत लिहिलं होतं, आणि तिचं नावही ठरलेलं होतं: अल करामा. ती कधी बांधली गेली नाही आणि १९९६ मध्ये अबू धाबीवर कायमचं शिक्कामोर्तब झालं. आमचा करामा आणि तो करामा यांचा नाव सोडलं तर काही संबंध नाही. तरीही हा प्रश्न विचारला गेला त्या रात्री बेडस्पेसवर राहणारा आमच्यातला एक तरुण, एका खोलीत वर-खाली पलंग लावून झोपणाऱ्यांपैकी, जरा ताठ चालत घरी गेला.

दुसरा असाच प्रश्न: दुबईत एके काळी चालणारी नोट कुठल्या गावी छापत? कुणी लंडन म्हणतं, कुणी बैरूत. उत्तर नाशिक रोड. इथं दिरहम आला तो १९७३ मध्ये. त्याआधी बरीच दशकं या किनाऱ्यावर आपला रुपयाच चाले. १९०९ मध्ये दुबईत उघडलेलं टपाल कार्यालयही हिंदुस्थानी टपाल खात्याचं होतं. आखातातून सोनं चोरवाटेने मुंबईला जायचं आणि त्याच्या बदल्यात आलेले रुपये परकी चलन होऊन रिझर्व्ह बँकेच्या दारात उभे राहायचे. म्हणून १९५९ मध्ये बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगांचा रुपया काढला, जो भारतात चालत नसे. जून १९६६ मध्ये डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून एकदम ७.५० वर गेला, तेव्हा इथल्या लोकांनी तो रुपया सोडला. चाचांचे वडीलही इथल्या खाडीवर कामाला होते. त्यांनी अशी नोट हाताळलेली. "बापाच्या पगाराची नोट नाशिकला छापलेली आणि माझा पगार दिरहमात," चाचा म्हणाले, "आणि दोघांचेही पैसे शेवटी दापोलीत सिमेंटमध्ये गेले." सोनं कुठून कुठं गेलं हा उपप्रश्न आम्ही विचारत नाही. दोन-तीन घराण्यांच्या भावना दुखावतात.

खरी दंगल झाली ती क्रिकेटच्या फेरीत. प्रश्न एका ओळीचा होता: २२ एप्रिल १९९८ ला शारजात कोण जिंकलं?

सगळी टेबलं एकदम ओरडली, भारत! आणि दादांनी शांतपणे सांगितलं, ऑस्ट्रेलिया, २६ धावांनी. त्या दिवशी वाळूचं वादळ आलं, खेळ थांबला, षटकं कमी झाली. सचिनने १४३ काढले आणि सरासरीच्या हिशेबात न्यूझीलंडला मागं टाकून भारताला अंतिम सामन्यात नेलं. सामना मात्र आपण हरलो. जिंकलो ते दोन दिवसांनी, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, १३४ काढले तेव्हा. हे सगळं छापील सत्य आहे. पण डोंबिवलीचे एक दादा त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. ते उभे राहिले. "मी तिथं होतो," ते म्हणाले. "माझ्या दातांत वाळू होती. हरलेली माणसं अशी नाचत नाहीत." पुणेकर दादांनी धावफलक वाचून दाखवला. डोंबिवलीकर म्हणाले, धावफलकावर वाळू दिसते का? अर्ध्या गुणाचा नियमही इथं लागू होईना, कारण भारत जिंकला हे उत्तर कोणत्याच सालापर्यंत बरोबर नव्हतं. शेवटी वाळूचा म्हणून पाव गुण देण्यात आला. माझ्या मते तो कमी पडला.

विदर्भाच्या टेबलाला या सगळ्या पुणेरी काटेकोरपणाचं फारसं कौतुक नाही. कौन बनेगा करोडपतीचा पहिला करोडपती मराठी, हर्षवर्धन नवाथे, हे सगळ्यांना पाठ असतं. २००० साली त्याला विचारलेला शेवटचा प्रश्न होता, राज्यघटनेनुसार संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा कोणाला आहे, उत्तर, महान्यायवादी. अमरावतीच्या वहिनी मात्र दर वेळी आठवण करून देतात की २०१९ मध्ये एक कोटी जिंकणाऱ्या बबिता ताडे त्यांच्या जिल्ह्यातल्या, अंजनगाव सुर्जीच्या. शाळेत पोरांना खिचडी रांधून घालायच्या, महिना दीड हजारावर. त्यांना विचारलेला प्रश्न बहादूरशाह जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने 'दास्तान-ए-गदर' लिहिलं असा होता, आणि उत्तर होतं जहीर देहलवी. "खिचडी ढवळता ढवळता तिनं हे वाचलं असंल नं जी," वहिनी म्हणतात, आणि डब्याच्या झाकणावर बोटं वाजवतात. डब्यातले फोन थरथरत असतात, त्यातला एखादा तरी घरमालकाचा असतो.

प्रश्न काढणं हे उत्तर देण्याहून फार कष्टाचं काम आहे, हे आमच्या लीगने लवकर ओळखलं. पुणेकर दादा स्वतःच्या संचात एखादी खोटी माहिती मुद्दाम पेरतात. पुढच्या वेळी तीच कुणी विचारली की चोर सापडतो. याला परदेशात परंपरा आहे. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आपल्या माहितीकोशात कोलंबो या टीव्हीवरच्या डिटेक्टिव्हचं पहिलं नाव फिलिप असल्याचं बेधडक ठोकून दिलं होतं. ते जसंच्या तसं ट्रिव्हियल पर्सूट या खेळात उतरलं. वर्थने १९८४ मध्ये दावा ठोकला आणि हरला, कारण माहितीवर कुणाची मालकी नसते. दादांनीही कोकण टेबलाच्या एका भाऊंना असंच पकडलं. भाऊ म्हणाले, "माहितीवर कुणाची मालकी नसते, असं तुम्हीच मागच्या वेळी सांगितलंत." दादांकडे याला उत्तर नव्हतं.

बक्षीस ठेवायचं तर पैशाचं चालणार नाही; जुगाराच्या जवळपास जाईल असं काही या देशात करू नये. चकलीचा डबा ठेवून पाहिला, तो निकालाआधीच संपला. मग ठरलं, जिंकेल त्या टेबलाच्या म्होरक्याने पुढचे प्रश्न काढायचे. यामागे सन्मानाची कल्पना होती. परिणाम असा झाला की शेवटच्या फेरीत पुढे असलेली टेबलं एकाएकी सगळं विसरू लागली. ज्यांनी आखाती रुपयाचं वर्ष सांगितलं होतं त्यांना गंगा कुठं उगम पावते ते आठवेना.

मागच्या बैठकीत प्रश्न विचारायची पाळी अमरावतीच्या वहिनींची होती. घाटाचं आणि कोकणाचं टेबल बरोबरीत. शेवटचा प्रश्न त्यांनी मुद्दाम सोपा ठेवला होता, म्हणजे कुणाला सुटकाच नको: भारताची राजधानी कोणती? दोन्ही टेबलं एकमेकांकडे बघत बसली. कोकणाने बराच खल करून "मस्कत" लिहिलं. घाटाच्या टेबलावर पुणेकर दादांनी शांतपणे लिहिलं "कलकत्ता", आणि सवयीने, हात आवरलाच नाही म्हणून, पुढं लिहिलं: १९११ पर्यंत.

त्यांना अर्धा गुण मिळाला. पुढचं क्विझ तेच घेणार आहेत.